मांजर घंटेवरून उठेना

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. झाडाचं पान हलेना. शाळेला सुट्टी होती. मोठ्या शहरातली ती जुनी शाळा नवी होत होती, बरं का! भिंत घासली, खर्र खर्र. गिलावा चढला, थाप थाप.

आणि चिंगू उंदराचं बीळ बुजलं!

चिंगू बाहेर. राजगिऱ्याचा लाडू आत. अख्खा लाडू!

चिंगू गेला टुणुक टुणुक गवंड्याकडे.
"गवंडीकाका, गवंडीकाका, माझं बीळ उघडा ना!"
"मुकादम सांगेल तर उघडीन. पळ!"

चिंगू गेला टुणुक टुणुक मुकादमाकडे.
"मुकादमदादा, मुकादमदादा, गवंडी बीळ उघडेना. तुम्ही सांगा ना!"
"मोठ्या बाई सांगतील तर सांगीन. शाळा त्यांची. पळ!"

चिंगू गेला टुणुक टुणुक बाईंकडे. बाई खुर्चीत पेंगत होत्या.
"बाई, बाई, मुकादम सांगेना, गवंडी बीळ उघडेना. तुम्ही उठा ना!"
"घंटा झाल्याशिवाय कशी उठू? जन्माची सवय बाळा. पळ!"

चिंगू गेला टुणुक टुणुक शिपायाकडे.
"शिपाईमामा, शिपाईमामा, बाई उठेनात, मुकादम सांगेना, गवंडी बीळ उघडेना. घंटा वाजवा ना!"
"घंटा खाली काढून ठेवलीय. तिच्यावर मनी झोपलीय. पितळ गारगार लागतं ना तिला! ती उठेल तर वाजवीन. पळ!"

मनी? मनी म्हणजे मांजर! चिंगू दोन पावलं मागे सरला. पण लाडू आत होता ना? मग गेला. टुणुक... टुणुक...
"मनीमावशी, मनीमावशी, शिपाई घंटा वाजवेना, बाई उठेनात, मुकादम सांगेना, गवंडी बीळ उघडेना. तू ऊठ ना!"
मनीने डोळेसुद्धा उघडले नाहीत.
"खुर्रर्र. नाही उठत जा. आत्ता भूक नाही मला."

चिंगू हसला, खि खि खि. मनीची मिशी धरली. आणि ओढली, खस्सकन!

"म्याँव!"
मनी उठली. शिपायाने घंटा वाजवली, ठण ठण ठण! बाई उठल्या, "मुकादम, सांगा!" मुकादम ओरडला, "गवंडी, उघड!" गवंड्याने ओला गिलावा काढला, खरड खरड.

पुढे चिंगू, मागे मनी. टुणुक टुणुक टुणुक... सुर्रकन बिळात! मनीचं नाक भिंतीवर, धप्प!

गवंडीकाका पोट धरून हसले. त्यांनी बिळाला छान गोल काठ केला. शाळेला नवी दारं, चिंगूलाही नवं दार!

चिंगू लाडू खायला बसला. कुर्रम कुर्रम. मनी दारातच बसली. गप्प. अगदी गप्प.

वरच्या फटीत शेजारची पाल राहायची. ती हळूच म्हणाली, "अरे चिंग्या, शेपटी बाहेर राहिली की रे!"