कुंपणाखालचं भोक

जनावरांचं बोलणं माणसांना कळत असे, तेव्हाची गोष्ट. द्वारकाकाकूंच्या परसात डांग्या नावाचा कुत्रा कोंबड्यांची राखण करायचा. काकू त्याला कौतुकानं ‘राखणदार’ म्हणत. एका सकाळी कुंपणाखालच्या भोकातून कोल्हीण आत शिरली आणि डांग्यानं तिला कोपऱ्यात कोंडलं.

“काकू, चोरटी सापडली! हाणा काठी!” तो छाती फुगवून ओरडला.

काकूंनी काठी उचलली. कोल्हीण थरथरत म्हणाली, “मारा हवं तर. पण भोक मी पाडलेलं नाही. कुंपणाखाली उकरून रोज कुणीतरी अर्धी भाकरी पुरून ठेवतं, तिच्या वासानं मी आले.”

काकूंनी डांग्याकडे पाहिलं. त्याच्या नखांत कुंपणाखालची तांबडी माती अजून ओली होती. त्याची शेपटी पायांत गेली.

काकूंनी काठी खाली ठेवली. फाटक उघडून कोल्हिणीला जाऊ दिलं, मग भोकात दगड ठोकून बसवले. संध्याकाळी त्यांनी डांग्यापुढे नेहमीसारखी अख्खी भाकरी ठेवली.

“जेव रे, राखणदारा,” त्या म्हणाल्या.

डांग्यानं ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. मान मात्र त्याला वर करवेना.