मधलं कोणी

बातमी आली तो दिवस साधाच होता. सर्व्हर रूमचा एसी गळत होता आणि तो दुरुस्त करायला माणूस आला होता. अण्णा हेरवाडकरांनी फोन घेतला, ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले. एसीवाल्याला शिडी कुठे आहे ते सांगितलं. मग खुर्चीत बसले.

त्यांची बायको कुमुद भाजी आणायला गेली होती. मंडईतच गेली.

तो भाद्रपद होता. पुढची गोष्ट माघातली आहे.

मिरजेच्या एका धर्मादाय रुग्णालयात अण्णा संगणकाचं काम बघत. निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं, पण त्यांना कुणी जा म्हणत नव्हतं आणि तेही विषय काढत नव्हते. कुमुद गेल्यापासून त्यांची एकुलती एक मुलगी सुमेधा धारवाडहून रोज दुपारी फोन करी. खोलीत पंख्यांची घरघर फार, म्हणून अण्णा स्पीकर लावत. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या ऋतुजाला सगळं ऐकू येई. सगळं म्हणजे एवढंच:

"जेवलात, बाबा?"

"जेवलो."

"गोळी?"

"घेतली."

"बरं... ठेवू?"

"ठेव."

त्यानंतर अण्णा बराच वेळ बंद फोनकडे बघत बसत. तिकडे धारवाडलाही कुणी तसंच बसत असावं. दोघांना याहून जास्त बोलायचं होतं. दोघांनाही ते जमत नव्हतं.

ऋतुजा मगदूम पुण्यातली नोकरी सोडून वर्षापूर्वी गावाकडे आली होती. हुशार होती, आणि ते तिला माहीत होतं.

त्या सकाळी ती विचारत होती, "पण मधे कोणी हवंच कशाला, अण्णा?"

"कुणाच्या मधे?"

"स्कॅनच्या मशीनच्या आणि नेटवर्कच्या."

स्कॅनची मशीन म्हणजे डोळ्यांना दिसणारी वस्तू नव्हे. खोलीत खरे सर्व्हर तीनच. त्यांच्या पोटात सॉफ्टवेअरने मांडलेले पुष्कळ संसार, त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. बिलांची एक, औषधांची एक, आणि एक्स-रे नि एमआरआयची चित्रं साठवून डॉक्टरांना दाखवणारी एक. प्रत्येकीला वाटतं, आपण स्वतंत्र घर आहोत. खरं तर सर्व्हरचं नेटवर्क कार्ड सगळ्यांना मिळून असतं, आणि कार्डाच्या नि त्यांच्या मधे सॉफ्टवेअरचाच एक स्विच बसलेला असतो.

"तो माहितीचं प्रत्येक पॅकेट उचलतो, बघतो, खाली ठेवतो," ऋतुजा म्हणाली. "कुठून आलं, कुठे चाललं, आत सोडायचं का. टोलनाक्यावर उभं असल्यासारखं वाटतं. म्हणून चित्रं रेंगाळतात."

"पुण्यात टोलनाके फार. राग साहजिक आहे."

"हसू नका. मी काढला त्याला."

"कधी?"

"मघाशी. तुम्ही चहाला गेला होतात तेव्हा. मशीनला कार्डाचा एक भाग थेट देऊन टाकला. आता मधे कोणी नाही."

"म्हणजे मी चहाला उठलो की इथे भिंती पडतात."

"मुल्ला डॉक्टरांचा फोन आला होता. म्हणाले, पोरी, जादू केलीस काय? बटण दाबायच्या आधी चित्र येतंय." तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. वेगाच्या आलेखाची रेघ कड्यासारखी सरळ वर गेली होती.

अण्णांनी चष्मा वर करून ती रेघ नीट पाहिली.

"छान केलंस."

"एवढंच?"

"अगं, छानच केलंस. चित्र लवकर आलं तर माणूस टेबलावरून लवकर उतरतो." ते थोडं थांबले. "आणि तो काय काय करायचा?"

"कोण?"

"ज्याला काढलंस तो."

"सांगितलं की. पॅकेट पुढे ढकलायचा."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

अण्णांनी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला. मग पुसलेलाच पुन्हा पुसला.

"आमच्या घरी होतं असं मधे एक," ते म्हणाले. "सुमेधा धारवाडला शिकायला गेली तेव्हापासून. फोन कुमुदकडे. मी इकडून म्हणायचो, तिला सांग, उगाच भटकत जाऊ नको. कुमुद फोनमध्ये सांगायची, बाबा विचारतायत, तिकडे लवकर अंधार पडतो का गं?"

ऋतुजा हसली. "आणि ताई काय म्हणायच्या?"

"ते मला कधीच कळलं नाही. माझ्यापर्यंत यायचं ते एवढंच... तुमच्या हातचा चहा आठवतो म्हणते."

"म्हणजे काकू दोन्हीकडे खोटं सांगायच्या!"

अण्णांनी यावर खरोखर विचार केला.

"वेळ लागायचा, हे खरं. माझ्या एका वाक्याला तिची पाच मिनिटं. मी चिडायचो. म्हणायचो, दे तो फोन इकडे." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आता सरळ आहे. मधे कोणी नाही. तू रोज ऐकतेसच, किती वेग आहे."

ऋतुजाचं हसू तोंडावरच राहिलं.

...

जेवायच्या सुमाराला दुसऱ्या सर्व्हरचा दिवा पिवळा झाला, आणि मग लाल.

आतली मेमरी चुका करत होती आणि स्वतःच दुरुस्त करत होती. रात्रीपर्यंत तग धरेल की आत्ता पडेल, सांगता येत नव्हतं.

"रिकामा कर," अण्णा म्हणाले.

अशा वेळी करायचं काम ठरलेलं असतं. व्हर्च्युअल मशीन चालू असतानाच उचलायची आणि शेजारच्या सर्व्हरमध्ये नेऊन ठेवायची. तिच्यावर काम करणाऱ्याला पत्ता लागत नाही. बिलांची मशीन गेली. औषधांची गेली. खाली काउंटरवर रांग होती तशीच पुढे सरकत राहिली.

स्कॅनची मशीन मात्र हलेना.

ऋतुजाने स्क्रीनवरची ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"का हलत नाही?" अण्णांनी विचारलं. त्यांना ते माहीत होतं.

"तिच्या हातात... याच सर्व्हरचं कार्ड आहे."

"मग सोडव."

"सोडवलं तर तिला दुसरी वाटच नाही. मी ठेवली नाही. बंद करूनच न्यावी लागेल."

"किती वेळ?"

"एक चहा होईल एवढा."

"टेबलावरच्या माणसाला चहा चालत नसतो."

वरच्या मजल्यावर मुल्ला डॉक्टर एका गवंड्याच्या मणक्यावर शस्त्रक्रिया करत होते. त्याच मणक्याची चित्रं त्यांच्या समोरच्या पडद्यावर होती. मशीन बंद केली तर चित्रं गेली. नाही केली आणि सर्व्हरच पडला, तरीही गेली.

ऋतुजाचे हात कीबोर्डवर होते, पण बोटं चालत नव्हती.

"मी जुनंच सगळं परत लावते, अण्णा. चुकलंच माझं."

"परत कशाला? सरळ वाट चांगली आहे. ती असू दे."

"मग?"

"जुनी पण खाली अंथरून ठेव."

"दोन्ही?"

"दोन्ही. पत्ता एकच. वरची आहे तोवर सगळं वरून जाईल."

"आणि खालची?"

"पडून राहील."

"कामाशिवाय?"

"कामाशिवाय."

ऋतुजाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ते लाल दिव्याकडे बघत होते.

तिने चालत्या मशीनला दुसरं, हळू, सॉफ्टवेअरचंच कार्ड जोडलं. मधल्या स्विचमधून जाणारं. दोन्ही कार्डांना एकाच नावात बांधलं. एकदा चुकलं, पुसून पुन्हा केलं.

"झालं."

"सरक," अण्णा म्हणाले. त्यांनी कीबोर्ड पुढ्यात ओढला. "आता वरची मी काढतो. तू वर विचार."

तिने इंटरकॉम उचलला. अण्णांनी कळ दाबली. कड्यासारखी उभी रेघ एकदम खाली आली आणि तिथे, अगदी तळाशी, हळूहळू चालू लागली.

"सिस्टर, चित्रं आहेत का?"

"आहेत," सिस्टर सोनवणे म्हणाल्या. "पण एकेक येताना जीव खातंय. साहेब ओरडतायत. काय केलंत?"

"जरा वेळ असंच चालेल. त्यांना सांगा..." ऋतुजा अडखळली. "सांगा, संगणकवाले म्हणतात, तुम्ही सावकाश करा."

"असं सांगू?" सिस्टरांना हसू आलं. "मी माझ्या पद्धतीने सांगते."

मशीन निघाली. स्क्रीनवर निळी पट्टी डावीकडून भरू लागली. अण्णांचा एक हात कीबोर्डवर, डोळे पट्टीवर.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सुमेधा.

अण्णांनी फोनकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं.

"तू घे," ते म्हणाले.

"मी?"

"माझे हात गुंतलेत."

ऋतुजाने फोन घेतला. स्पीकर लावला नाही. कानाला धरला.

"ताई, मी ऋतुजा, इथे अण्णांच्या हाताखाली असते. ते जरा कामात आहेत. बोला, मी सांगते त्यांना."

तिने ऐकलं.

"अण्णा, ताई विचारतायत..." ती क्षणभर थांबली. टेबलाच्या कडेला त्यांचा डबा होता, न उघडलेला. "ताई विचारतायत, एकट्याला जेवण जातं का?"

अण्णांची मान वळली. सुमेधा असं काही विचारणार नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ऋतुजाकडे पाहिलं. ती पट्टीकडे बघत होती.

"तिला सांग..." ते म्हणाले. "सांग, जेवतो."

"ताई, अण्णा म्हणतायत, कधी जातं, कधी नाही. आणि तुमचं काय, असं विचारतायत."

ऋतुजाने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"ताई?... हो. हो, तेच म्हणाले."

निळी पट्टी अर्ध्यावर आली होती.

मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. मधेच "हं" म्हणाली. एकदा डोळ्यांच्या कडेला बोट नेलं आणि केस मागे घेतल्यासारखं केलं.

"काय म्हणते?" अण्णांनी विचारलं. त्यांनी असं आधी कधी विचारलं नव्हतं.

ऋतुजाने फोनवर हात ठेवला. "म्हणतात, काल पुन्हा मेथीची भाजी केली होती. काकूंसारखी करायला गेल्या, पण झाली नाही. काकू त्यात काय घालायच्या, ते बाबांना माहीत असेल का, असं विचारतायत. पण तुम्हाला त्रास होईल म्हणून महिनाभर विचारलं नाही."

"हे तुझं, का तिचं?"

"हे त्यांचंच आहे, अण्णा. यात मी काही घातलं नाही."

पट्टी सरकत होती.

"ताकाचं पाणी," ते म्हणाले. "उतरवताना. सांग तिला."

"ताकाचं पाणी, ताई. उतरवताना," ऋतुजाने सांगितलं. "आणि म्हणतायत, त्रास होत नाही."

अण्णांनी ते खोडून काढलं नाही.

पट्टी भरली. स्कॅनची मशीन शेजारच्या सर्व्हरमध्ये पोचली होती. अण्णांनी तिला तिथल्या कार्डाचा भाग थेट दिला आणि तळाशी चालणारी रेघ पुन्हा उभी वर गेली. इंटरकॉम वाजला. अण्णांनीच उचलला.

"आली हो, पहिल्यासारखी आली," सिस्टर म्हणाल्या. "मधे रेंगाळली, पण थांबली नाही एकदाही. पेशंट ठीक आहे. साहेब विचारतात, परत असं होणार का?"

"होईल कधीतरी," अण्णा म्हणाले. "थांबणार नाही, एवढं सांगा."

त्यांनी इंटरकॉम ठेवला. लाल दिव्याचा सर्व्हर आता रिकामा होता; त्यांनी तो बंद केला. खोलीतली घरघर थोडी कमी झाली.

"अण्णा," ऋतुजा हळूच म्हणाली. फोन अजून तिच्या हातात होता. "ताई लाइनवर आहेत. तुमचे हात आता मोकळे झालेत. देऊ फोन?"

अण्णांनी हात पुढे केला... आणि मागे घेतला.

"असू दे तुझ्याकडे. थोडा वेळ."

"ताई विचारतायत, आणखी काही सांगायचंय का?"

अण्णांनी डबा पुढ्यात ओढला, झाकण काढलं आणि ते हातातच धरून बसले.

"तिला सांग," ते म्हणाले, "तिच्या आईचा नंबर मी अजून बंद केलेला नाही."