सातवं कडवं

फार जुनी गोष्ट आहे, नदीने अजून एकही पूल पाहिला नव्हता तेव्हाची.

चैत्रातली साधीसुधी सकाळ होती. नावाडी काठावर वल्ह्याला तेल चोळत बसला होता. समोर, पात्राच्या मधोमध वाळूचं बेट होतं. तिथे त्याच्या थोरल्या भावाने कलिंगडं लावली होती आणि खोप बांधून तो बायको नि दोन लहान मुलींसह राहत होता. भावाने तिकडून हात हलवला. यानेही हलवला.

तेवढ्यात डोंगराकडून एक मेंढपाळ धापा टाकत आला.

"काय रे, लांडगा लागलाय का मागे?" नावाडी हसला.

"पाणी लागलंय! वर ढग फुटला. लोंढा घाट उतरून येतोय. बेटावरची माणसं आत्ता काढ!"

नावाडी होडी ढकलणार, तोच गावच्या सर्वांत वृद्ध बाबांनी त्याचा दंड धरला.

त्या गावाची एक रीत होती. पूर्वी कधीतरी घाईने निघालेली एक होडी बुडाली होती. तेव्हापासून संकटात वल्हं पाण्याला लावण्याआधी परमेश्वराचं स्तोत्र म्हणायचं, अकराही कडवी. परमेश्वराने पुढे व्हायचं, माणसाने मागून जायचं.

"बाबा, दादा आहे तिकडे."

"म्हणूनच सांगतो. आधी देवाला निघू दे."

लोक जमले, हात जोडले गेले. बाबांना दम लागे, म्हणून प्रत्येक कडव्यानंतर सगळे थांबत.

"देवाला वाट ठाऊक नाही वाटतं तुमच्या," मेंढपाळ पुटपुटला. कुणीतरी त्याला गप्प केलं.

दुसऱ्या कडव्याला पाणी गढूळ झालं. चौथ्याला धुण्याचा दगड दिसेनासा झाला. भावाने मुलींना खोपीच्या छपरावर चढवलेलं नावाड्याला दिसलं. त्याचे ओठ गात होते, डोळे बेटावर होते. स्तोत्र अर्धं टाकलं आणि देव कोपला, तर ती सगळी आपल्या पापाने बुडतील, या भीतीने त्याचे पाय जागचे हलेनात.

सहावं कडवं संपलं. बेट आता दिसत नव्हतं, नुसती खोप दिसत होती.

सातवं सुरू झालं. "हाक कानी येता तो उठला, पायी वहाणा न घालता धावला, ढगांवरून, कड्यांवरून, वाऱ्याच्याही पुढे..."

लहानपणापासून म्हटलेले शब्द. आज ते म्हणता म्हणता नावाडी मध्येच थांबला. त्याने वल्हं उचललं.

"कडवं तरी पुरं कर!" बाबा ओरडले.

"बाबा, तो वहाणा घालायला थांबत नाही, आणि आपण त्याला गाणं ऐकवत उभं केलंय!"

मेंढपाळाने होडीला आधीच खांदा लावला होता. नावाड्याने अशी होडी आयुष्यात कधी हाकली नव्हती. वाराही पाठीशी होता.

छपरावर वहिनी दोन्ही मुलींना कवटाळून बसली होती. खाली कुणी नव्हतं.

"खोपीचा खांब धरून उभे होते," वहिनी म्हणाली. "गळ्यापर्यंत पाणी आलं तरी म्हणत होते, घाबरू नका, माझा भाऊ निघालाच असेल. आत्ताच... आत्ताच हात सुटला."

तिघींना होडीत घेताना धाकटीने विचारलं, "काका, देव तुमच्याबरोबर आलाय का?"

नावाडी म्हणाला, "तो केव्हाचा निघाला होता, बाळ. मीच थांबलो होतो." पण लोंढ्याच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

पुढे बाबांनी स्वतःच ती रीत मोडली. त्या गावात आता आधी होडी सुटते. स्तोत्र वल्ही मारता मारता म्हणतात, जमेल तेवढं.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: ज्यांचा देव धावून येतो, त्यांनी कुणाच्या हाकेला उभं राहून वेळ काढू नये.

उशीर का झाला, हे वहिनीने कधी विचारलं नाही. आणि नावाड्याने तिला पुन्हा कधी सांगितलं नाही.