नऊ झुपक्यांची चवरी

एका राज्यात माशा फार होत्या आणि राजा मकरंदसेन त्याहून ऐटबाज होता. दसऱ्याच्या शिकारीहून त्याने नवी चवरी आणली, शुभ्र नऊ झुपक्यांची. ती त्याच्या डोक्यावर ढाळण्याचा मान केतकी दासीला मिळाला. राजकन्या मृणालिनी याच केतकीच्या अंगाखांद्यावर वाढलेली.

दिवाळीपासून राजकन्या दगड होऊ लागली. आधी पावले, मग गुडघे, मग कंबर. राजमांत्रिक म्हणाला, "काळडोंगरावर नऊ शेपट्यांची गाय आहे. शाप तिचा, उःशापही तिचाच." सरदारांना एकाएकी आपापली कामे आठवली. केतकी निघाली.

वाटेत जळती नदी लागली, बोलक्या दगडांची खिंड लागली, सावली गिळणारे रान लागले. एका भारद्वाज पक्ष्याने वाट दाखवली. ती पार कशी झाली ते विचारू नका. अंगाखांद्यावरचे लेकरू दगड होत असेल तर बाईमाणूस कुठूनही जाते.

माथ्यावर गाय उभी होती. तिला एकही शेपटी नव्हती. नऊ जखमांवर माशा घोंगावत होत्या.

"माते, शेपट्या कुणी नेल्या?"

"तुझ्या राजाने. त्या शेपट्यांनी मी वासराच्या माशा वारत होते. माशांनी माझे वासरू खाल्ले. आता तू जसजशी चवरी हलवतेस, तसतशी त्याची लेक दगड होते."

केतकीने स्वतःच्या हाताकडे पाहिले. रोज दोन्ही वेळा, एकही दिवस चुकवला नव्हता.

"राजाने स्वतःच्या हाताने परत द्यायला हव्यात," म्हणत गाय तिच्यामागून चालू लागली.

दरबारात दुसरी दासी चवरी ढाळतच होती. राजकन्या हनुवटीपर्यंत दगड झाली होती. केतकीने धावत जाऊन दासीचा हात धरला आणि सारे सांगितले.

"महाराज, चवरी द्या."

"चवरीशिवाय राजा कसला?"

"महाराज, द्या."

"निम्मे झुपके देतो."

"महाराज, तिच्याकडे बघा."

राजाने पाहिले. मृणालिनी हाक मारू बघत होती, पण ओठ वळत नव्हते. तो सिंहासनावरून उतरला, चवरीची मूठ मोडली, अनवाणी दाराशी उभ्या गाईकडे गेला आणि एकेक शेपटी जखमेवर ठेवली. शेपट्या रुजल्या. आत राजकन्या मोठ्याने रडली. गाय रिकाम्या कुशीनेच डोंगराकडे परतली.

त्या दरबारात आता चवरी नाही. राजाच्या नाकावर माशी बसते. तो आधी लेकीकडे पाहतो, मग माशी हाकतो.