न सुटणारी पकड

“पण बाई, डावा रेणू एकसुद्धा वर आलेला नाही. मग चुकलं कुठे?”

प्रद्युम्नाने काचेचं फनेल डाव्या हाताने उजेडात धरलं. खाली पाणी, वर तेलकट थर, मधली रेघ स्वच्छ.

त्याला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या काशीकर बाईंनी वाकून ती रेघ पाहिली.

अपस्माराच्या झटक्यांवरचं ते औषध जुळंच तयार होतं. एक रेणू उजव्या हातासारखा, दुसरा डाव्यासारखा. उजवा झटके थांबवतो, डावा यकृत पोखरतो. गोळीत दोघे एकत्रच असतात. प्रद्युम्नाची धाकटी बहीण वेणू तीच गोळी घेत होती, आणि तिचे डोळे पिवळे पडत चालले होते.

म्हणून त्याने वरच्या थरासाठी एक पकडणारा रेणू घडवला. दोन्ही थर एकत्र हलवले, की तो पाण्यातला फक्त उजवा उचलून वर नेई. बाईंच्या आधीच्या शिष्यांचे पकडणारे चुकून डावेही उचलत. ते डावे काढायला बिचारे पुन्हा पुन्हा धूत बसत. प्रद्युम्न त्यांना मनातल्या मनात हसायचा. स्वारी स्वतःवर भलतीच खूश होती.

“उजवा कुठाय?” बाईंनी विचारलं.

“वर. सगळाच्या सगळा.”

“वाटीत काढून दे मला.”

“तोच निघत नाही,” प्रद्युम्न म्हणाला.

“आम्ल घातलंस?”

“घातलं. तापवलंही. औषध मोडतं, पण हा पकडणारा त्याला सोडत नाही.” त्याने फनेल पुन्हा उंचावलं. “तरी पकड बघा ना, बाई! अशी कुणाला जमलीय आजवर?”

बाईंनी उजवा हात पुढे केला. शाबासकी समजून त्याने आपला दिला.

बाईंनी तो घट्ट धरला. सोडेचनात.

खिशात फोन वाजू लागला. घरचाच असणार. एका हातात फनेल, दुसरा बाईंच्या मुठीत.

“बाई, सोडा. वेणूचं काही असेल.”

बाईंनी बोटं आणखी आवळली.

फोन वाजून वाजून थांबला...

“सोडा ना, बाई!” त्याला रडूच फुटलं.

बाईंनी मूठ उघडली. त्याच्या बोटांवर वळ उठले होते. त्याने ती एकदा मिटली, पुन्हा उघडली.

“सैल धरणारा केला तर डावाही शिरेल त्यात,” तो हळूच म्हणाला. “कितीदा तरी धुवावं लागेल. वेणूजवळ तेवढे दिवस आहेत की नाही, कोण जाणे...”

बाईंनी त्याच्या हातातलं फनेल काढून घेतलं.

“आधी घरी फोन कर. मग बस, आणि याहून वाईट बनव.”