मिठाविना थापलेली भाकरी

एका राज्यात, जिथे सूर्यसुद्धा राजवाड्यावर उगवण्याआधी परवानगीसाठी जरा थबकत असे, उदयकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. खोटं वाटत असेल तर सूर्याला विचारा. तो अजून तिथेच उगवतो.

एकदा राजाच्या पंक्तीला करडोबा मांत्रिक जेवायला बसला. पहिला घास घेऊन म्हणाला, "महाराज, मीठ कमी आहे."

राजाने उजवं बोट दाराकडे केलं. "हाकला याला!"

त्या बोटाचा तिथल्या तिथे दगड झाला.

उपाशीपोटी उठलेला करडोबा उंबऱ्यावरून बोलला, "राजा, आता दर हुकमाला हा दगड वर चढेल. काळजाला भिडला की तू संपलास. उतारा एकच. रानाच्या कडेला धुरपा म्हातारीची झोपडी आहे. तिथे दिवसभर राहा. ती सांगेल ती तीन कामं कर."

"घोडा आणा!" राजा ओरडला, आणि मनगटापर्यंत दगड झाला. मग दुसऱ्या दिवशी पहाटे तो मुकाट्याने पायीच निघाला.

झोपडी कुडाची, शेणाने सारवलेली. दारात एक शेळी, आढ्यावर एक साळुंकी. धुरपाने राजाला आपादमस्तक न्याहाळलं आणि पुढ्यात नाचणीची भाकरी ठेवली.

"खा बाबा. इथली रीत आहे. आधीच्या पाहुण्याने थापलेली भाकरी खायची आणि पुढच्यासाठी थापून जायचं."

"ही कुणी थापली?"

"काल एक करड्या दाढीचा आला होता. फार भुकेला होता बिचारा."

राजाने खाली बघत पुढचा घास मोडला. भाकरी मऊसूत होती. मीठही अगदी बेताचं.

"पहिलं काम," धुरपा म्हणाली, "झऱ्यावरून पाणी आण."

राजाने घागर काखोटीला मारली आणि सवयीने साळुंकीकडे पाहिलं. "वाट दाखव!"

दगड कोपरापर्यंत चढला.

"वाट पायाखालीच आहे, महाराज," साळुंकी म्हणाली. "मला कशाला कामाला लावता?"

पाणी आलं, निम्मं घागरीत, निम्मं राजाच्या धोतरावर.

दुसरं काम चूल पेटवण्याचं. राजाने वेचून आणलेल्या काटक्या चुलीत घातल्या, समोर मांडी ठोकली आणि दरडावलं, "पेट!"

चूल पेटली नाही. दगड मात्र खांद्याला गेला. छातीत गार कळ उठली. आता एक हुकूम, की खेळ आटोपला. धुरपाने फुंकणी पुढे केली. राजा फुंकत बसला. डोळ्यांतून पाणी, मिशीला राख, आणि मग जाळ.

"तिसरं काम, भाकरी."

एका हाताने भाकरी थापणं कुणाला जमलंय? राजाने पीठ कालवलं, तर ते पाचही बोटांना चिकटून बसलं. त्याने हात झटकून पाहिला. मग जन्मात कधी न काढलेल्या आवाजात म्हणाला, "आजी, मला एक हात देता का?"

धुरपा शेजारी टेकली. तिचा उजवा, त्याचा डावा, असे मिळून थापू लागले. भाकरी झाली खरी. चहूबाजूंनी शेजारच्यांनी लचके तोडलेल्या राज्यासारखी.

उन्हं झाडांच्या शेंड्यांवर गेली तेव्हा पाहुणा आला. करडोबाच. तो बसला, त्याने तुकडा मोडला, चावला.

"मीठ कमी आहे."

आढ्यावरच्या साळुंकीने मान वळवली. शेळीनेही रवंथ थांबवला. राजाचे कान लाल झाले, तोंड उघडलं. "आजी, मीठ..."

छातीत दगड सरकला. धुरपा जागची हलली नाही.

"...मीठ कुठे असतं?"

"चुलीमागच्या मडक्यात."

"आणतो," राजा म्हणाला आणि उठला. चुलीमागे अंधार होता, म्हणून डाव्या हातात जळती काटकी घेतली. मडकं उचललं, करडोबापुढे धरलं.

करडोबाने चिमूटभर मीठ घेतलं, भाकरीवर भुरभुरलं आणि शेवटच्या घासापर्यंत जेवला.

"महाराज," साळुंकी हळूच म्हणाली, "मडकं कुठल्या हातात आहे ते तरी बघा."

राजाने पाहिलं. उजव्या हाताच्या बोटांना मीठ लागलं होतं, आणि दगड कुठेच नव्हता.

तेव्हापासून त्या राज्यात पंक्तीला मीठ राजा स्वतः वाढतो आणि कुणीही उपाशी उठत नाही. सूर्य मात्र राजवाड्यावर येताना अजून थबकतो. आता गरज नाही, हे त्याला कुणी कळवलेलंच नाही.