तीन भाकऱ्या आणि गडाचं दार

एक होता राजा आणि त्याचा होता तांबडगड. राजा काही लगेच येत नाही, तो जेवून झोपलाय. आधी धुरपदाचं ऐका. आणि पाय आत घ्या, पांघरूण एकच आहे.

धुरपदा राहायची गडाच्या पायथ्याला, भोकरवाडीत. घरात सासू आणि काजळी नावाची म्हैस. वर्षातून एकच दिवस, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, राजा आपला खजिना सगळ्यांना बघायला उघडा करायचा. लग्न झाल्यापासून धुरपदाला जायचं होतं, पण दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. यंदा आडवी आली काजळी. आज-उद्या विणार असं दिसत होतं, आणि सासूला डोळ्यांनी कमी दिसायचं. एकटीला तिला काय जमणार? पण सासूच म्हणाली, "जा गं बाई. दिवेलागणीच्या आत ये म्हणजे झालं. आणि राणीची नथ केवढी आहे ते नीट बघून ये."

मग धुरपदानं तीन भाकऱ्या, वर ठेचा, असं फडक्यात बांधलं आणि तरातरा गड चढली.

खजिन्याचं दार होतं बोलकं. हसू नका, होतं. लाकडाच्या दाराला पितळेचं तोंड. आत काय नेता ते विचारायचं आणि बाहेर येताना तपासायचं. जेवढं नेलं तेवढंच परत आणायचं. कमी नाही, जास्त नाही. नाहीतर पुढच्या दसऱ्यापर्यंत आतच. धुरपदानं सांगितलं, तीन भाकऱ्या. दार म्हणालं, बरं, जा.

पहिल्या दालनात तलवारी आणि ढाली, इतक्या की भिंत दिसेना. पहाऱ्याला दगडी हत्ती. बघून बघून धुरपदाला भूक लागली. तिनं शिदोरी सोडली, तर हत्तीनं हळूच एक डोळा उघडला आणि भाकरीकडे बघितलं. आता भोकरवाडीची रीत अशी, की समोर कोणी उपाशी असताना आपण घास गिळायचा नाही. मग दिली त्याला एक भाकरी. हत्तीनं कान हलवले, तर शंभर वर्षांची धूळ उडाली.

दुसऱ्या दालनात जरीचे अंगरखे आणि सोन्याचं सिंहासन. पहाऱ्याला पितळी वाघ. त्यानंही तसंच बघितलं. मग त्यालाही एक भाकरी. ठेचा असा झोंबला, बरं का, की वाघाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

तिसऱ्या दालनात हिरे-माणकांचा ढीग, आणि ढिगावर नाग. आता भाकरी उरली एकच, आणि धुरपदाच्या पोटात कावळे ओरडत होते. ती पुटपुटली, "मेल्यांनो, राजा तुम्हाला जेवायला घालत नाही का?" पण दिली. रीत म्हणजे रीत.

मग ती रिकामं फडकं घेऊन निघाली. दारानं विचारलं, भाकऱ्या कुठायत? धुरपदानं खरं ते सांगितलं. दार म्हणालं, तीन आल्या, तीन गेल्या पाहिजेत. आणि धाडकन मिटलं.

फटीतून दिसत होतं, ऊन पिवळं पडत चाललं होतं. आणि खालून काजळीचं रेकणं ऐकू आलं.

बाहेर राजाचा कारभारी आला. फटीतूनच तिला बोलला, की खजिना बघायला यायचं तर शिदोरी आणायचीच कशाला, आता राहा वर्षभर. धुरपदाचं डोकं फिरलं. तिनं पदर खोचला.

"भाकऱ्या बाहेर जायला हव्यात ना? मग नेते." आणि मागे वळून ओरडली, "चला रे तिघं. भाकऱ्या तुमच्या पोटात आहेत, तर पोटं घेऊन चला."

हत्ती उठला. वाघ उठला. नाग ढिगावरून सळसळत आला. तिघं दारापुढे उभे. आता दार गडबडलं. भाकऱ्या बाहेर जायला हव्यात, आणि हे तिघं तर आतच राहायला हवेत. मग दार अर्धं उघडलं, पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. कुर्र, कुर्र, कुर्र. त्या आवाजानं राजाची झोप मोडली. घ्या, आला राजा.

राजानं विचारलं, काय गोंधळ आहे. कारभारी तोंड उघडणार, तोच धुरपदा म्हणाली, "महाराज, तुमचं सोनं राखणारे शंभर वर्षं उपाशी आहेत. सोनं तेवढं रोज पुसून घेता. यांना कधी विचारलंत, जेवलात का म्हणून?"

राजा खाली बघायला लागला. त्याला वाटायचं, दगडाला आणि पितळेला कसली भूक. पण वाघ अजून जिभल्या चाटत होता.

मग राजानं दाराला सांगितलं, "आजपासून खाल्लेलं मोजायचं नाही." दार हुश्श करून सताड उघडलं.

राजानं धुरपदाला विचारलं, काय देऊ. ती म्हणाली, माणकं ठेवा तुमच्याकडे, मला घरी सोडायला हत्ती द्या. मग बसली दगडी हत्तीवर. धडाम धुडूम, धडाम धुडूम, गड उतरून थेट गोठ्यापाशी. सासू चाचपडत दिवा लावत होती. काजळी अडली होती. धुरपदानं बांगड्या मागे सारल्या आणि रेडकू अलगद ओढून काढलं. काळंभोर, कपाळावर पांढरा ठिपका. काजळी त्याला चाटायला लागली.

सासूनं विचारलं, "नथ केवढी होती गं?" धुरपदानं कपाळावर हात मारला. नथ बघायची राहूनच गेली होती.

मग पुढच्या वर्षी सासूच गेली हत्तीवर बसून. आता गड बघायला येणारा प्रत्येक जण एक भाकरी जास्तीची आणत होता, वाघासाठी ठेचा कमी लावून. नागानं राणीची नथ फण्यावर धरून सासूपुढे आणली. सासूनं ती बोटांनी चाचपली आणि म्हणाली, "एवढीच होय?"

तर हत्ती, वाघ, नाग पोटभर जेवले आणि आडवे झाले. काजळी रेडकाला घेऊन बसली. दारसुद्धा मिटलं. आता फक्त तुमचे डोळे मिटायचे राहिलेत. मिटा.